स्टाफ मीटिंगमध्ये कोणीच बोलत नाही : खासगी शाळेतील शिक्षकांनी आपले म्हणणे मांडावे तरी कसे?

मालवकन्या (इंदूर)

नमस्कार. इंदूरच्या बायपासलगत असलेल्या एका खासगी सीबीएसई शाळेत मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. शिकवण्याचा कंटाळा मला आजही आलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचे वाचून ‘बाई थकल्या आहेत, त्यांनी आता घरी बसावे’ असा सल्ला कोणी देणार नाही. वर्गाभोवती जे काम वाढत चालले आहे आणि त्याविषयी आम्ही पन्नासेक शिकलेली माणसे एका खोलीत बसूनही जे बोलत नाही, ती माझी अडचण आहे.

वेळापत्रकात मला रोज दोन तास मोकळे दाखवले आहेत. प्रत्यक्षात दुसरा तास सुरू असताना शिपाई अरेंजमेंटचे रजिस्टर घेऊन दाराशी येतो, मी वाक्य अर्धवट सोडून माझ्या नावापुढे सही करते, आणि रजेवर असलेल्या सहकाऱ्याच्या वर्गावर जाण्यात त्यातला एक तास, कधी कधी दोन्ही, संपतात. त्यामुळे वह्यांचे गठ्ठे घरी येतात. रात्री साडेनऊनंतर वॉट्सअॅप ग्रुपवर उद्याच्या उपक्रमाची सूचना येते आणि ती वाचल्याची खूण म्हणून प्रत्येकीने ‘नोटेड मॅम’ लिहायचे असते. हे बहुतेक शाळांत असेच चालते असे समजून मी आजवर निभावून नेले. यंदा मात्र प्रवेशाच्या दिवसांत आमच्या प्रयोगशाळेचा सहायक ऑफिसच्या काउंटरवर बसवला गेला आणि सातवीच्या ४६ मुलांना आम्ल आणि अल्कांचा प्रयोग मला एकटीला घ्यावा लागला. टेबलावर उघड्या बाटल्या, शेवटच्या रांगेत ढकलाढकली करणारी मुले, आणि हात धुण्याच्या बेसिनमध्ये कोणीतरी रचून ठेवलेली जुन्या पुस्तकांची खोकी. सुदैवाने काही घडले नाही. घडले असते तर त्या तासाच्या नोंदीवर सही माझी होती.

हे मी कोणालाही सांगितलेले नाही. शनिवारी सुटीनंतर मीटिंग होते, शेवटी प्राचार्या ‘किसी को कुछ कहना है?’ असे विचारतात आणि सगळे आपापल्या डायरीत डोके घालतात. गेल्या सत्रात एका नव्या सहकारी शिक्षिकेने परीक्षेची ड्यूटी आणि वह्या तपासण्याची मुदत एकाच आठवड्यात येते, एवढेच अतिशय नम्रपणे सांगितले होते. तिच्यावर कोणी रागावले नाही. फक्त पुढच्या सोमवारी तिची क्लास टीचरशिप बदलली आणि ज्या वर्गाला कोणी हात लावत नाही तो वर्ग तिच्याकडे आला. त्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना न सांगताच कळला.

आणखी एक गोष्ट इंदूरच्या मराठी माणसांना वेगळी समजावून सांगायला नको. संस्थेतील एक पदाधिकारी माझ्या सासऱ्यांच्या जुन्या परिचयातले आहेत. गणेशोत्सवाच्या वर्गणीपासून सानंद संस्थेच्या नाटकांपर्यंत त्यांची गाठ पडतच असते, आणि शाळेत मी काही बोलले तर ते स्टाफरूमच्या आधी आमच्या जेवणाच्या टेबलावर पोहोचेल. घरून रागावणार कोणी नाही, पण ‘आपल्या माणसांत कशाला वितुष्ट’ हे ऐकावे लागेलच.

नोकरी आणि संबंध न बिघडवता काय बोलता येते, कोणत्या गोष्टी बोलल्याच पाहिजेत आणि कोणत्या सोडून द्याव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे. पुण्याची माझी मावसबहीण म्हणते की खासगी शाळेच्या शिक्षकांसाठी शाळा न्यायाधिकरण असते, तिकडे दाद मागता येते. ते आपल्याकडे लागू आहे का?

रामबागकर

ताई, शासकीय उच्चतर माध्यमिक शाळेच्या प्राचार्यपदावरून मी निवृत्त झालो आहे, तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. आपण स्वतःला किंवा सहकाऱ्यांना भित्रे ठरवू नये, ही माझी पहिली विनंती आहे. मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही याचे कारण पुष्कळदा त्या मीटिंगच्या रचनेतच असते. विषय आधी कळवलेले नसतात, तासभर सूचना ऐकवल्या जातात, बसचे ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागले की ‘किसी को कुछ कहना है?’ विचारले जाते, आणि त्या वेळी जो तोंड उघडेल तो सगळ्यांना उशीर करणारा ठरतो. ज्या प्राचार्यांना खरोखर ऐकून घ्यायचे असते ते विषय एक-दोन दिवस आधी फिरवतात, सर्वांत नव्या शिक्षकाला आधी बोलू देतात (ज्येष्ठांनी मत दिले की नवे लोक त्यालाच मान डोलावतात, हे मी वारंवार पाहिले आहे) आणि मागच्या बैठकीत मांडलेल्या गोष्टींचे पुढे काय झाले हे सुरुवातीलाच वाचून दाखवतात. हे सगळे आपण प्राचार्यांना शिकवू शकत नाही. पण मीटिंगचे विषय आदल्या दिवशी ग्रुपवर टाकावेत, एवढी विनंती कोणालाही करता येते. तिच्यात कोणाविरुद्ध काही नाही, आणि विषय हाती असला की निदान दोघी-तिघी तयारीने येतात.

आता कामाच्या ओझ्याविषयी. आपण सहावी ते आठवीला शिकवता, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २००९ ची अनुसूची आपल्या वर्गांना लागू आहे. त्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० कामाचे दिवस आणि १,००० अध्यापनाचे तास सांगितले आहेत, तर शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत आणि त्या ४५ तासांत तयारीचे तास धरलेले आहेत. तयारी हा कामाचाच भाग आहे असे कायदा मानतो, एवढे यातून स्पष्ट होते. मोकळा तास म्हणजे शिक्षकाचा आराम, असा जो समज व्यवस्थापनात रुजलेला असतो आणि जो हळूहळू शिक्षकांच्याही मनात शिरतो, त्याला उत्तर म्हणून हे ध्यानात ठेवावे.

अरेंजमेंट प्रत्यक्षात कशी लागते हेही सांगतो. ती लावणारा टाइमटेबल इन्चार्ज स्वतः एक शिक्षकच असतो. सकाळी दहा-पंधरा मिनिटांत त्याला रजेवरच्या लोकांचे वर्ग भरून काढायचे असतात. अशा घाईत तो साहजिकच ज्या नावांकडून कुरकुर येत नाही त्या नावांकडे वळतो. म्हणून नेमस्त आणि वेळेवर येणाऱ्या शिक्षकांवर सर्वाधिक अरेंजमेंट पडते, आणि यात बहुतेक वेळा कोणाचाही दुष्टावा नसतो. आपण एक महिनाभर आपल्या डायरीत तारीख, तास आणि वर्ग यांची नोंद ठेवावी. मग मीटिंगमध्ये न जाता प्रथम त्या इन्चार्जकडेच जावे आणि एका शिक्षकाला आठवड्यात ठरावीक संख्येपेक्षा जास्त अरेंजमेंट लागू नयेत, अशी मर्यादा रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिता येईल का, हे विचारावे. मी स्वतः ही मर्यादा घातली तेव्हा पहिल्या आठवड्यात गोंधळ झाला आणि त्यानंतर रजेचे अर्ज आदल्या दिवशी येऊ लागले, कारण ऐन वेळी वर्ग कोण घेणार हा प्रश्न आता सगळ्यांचा झाला होता.

प्रयोगशाळेची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिला या यादीत ठेवूच नका. वह्या, ग्रुपवरचे संदेश, अरेंजमेंट यांत आपली दमछाक होते. उघड्या आम्लासमोर ४६ मुले आणि एकच मोठे माणूस, यात एखाद्या मुलाचा डोळा जाऊ शकतो. सीबीएसईच्या संलग्नता नियमांनुसार एका तुकडीत सर्वसाधारणपणे ४० विद्यार्थी असावेत, तेव्हा मुळात संख्याच जास्त आहे. ही गोष्ट मीटिंगची वाट न पाहता, आवाज न चढवता, पण लेखी आणि लगेच कळवली पाहिजे. त्यासाठी सगळ्या स्टाफच्या सह्या गोळा करण्याच्या फंदात पडू नका. सह्यांचा कागद पाहिला की व्यवस्थापन मजकूर वाचण्याआधी कोणी सही केली हे वाचते. विज्ञान विभागातल्या तुम्ही दोघी-तिघींनी विभागाची टिपणी म्हणून द्यावे.

अभिभाषक (स्नेहलतागंज)

मी वकिली करते. न्यायाधिकरणाबद्दल आधी लिहिते, कारण महाराष्ट्रातील नातेवाइकांच्या सांगण्यावरून अनेक शिक्षिका हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. महाराष्ट्रात खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी १९७७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. तो कायदा मध्य प्रदेशात लागू नाही. पुण्यातील बहिणीचा सल्ला तिच्यासाठी अगदी बरोबर आहे, पण त्या भरवशावर इंदुरात पाऊल उचलू नये.

कामगार न्यायालयाचा मार्गही शिक्षकांना मोकळा नाही. शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरवले होते. पुढे २००२ मध्ये टी. एम. ए. पै फाउंडेशन प्रकरणात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने विनाअनुदानित संस्थांतील शिक्षकांना बडतर्फीविरुद्ध दाद मागण्यासाठी शैक्षणिक न्यायाधिकरण असावे, आणि ते होईपर्यंत अपील जिल्हा न्यायाधीशांकडे करता यावे, असे म्हटले. म्हणजे दार अगदीच बंद आहे असे नाही. पण ते दार नोकरी गेल्यानंतरचे आहे, आणि आपला प्रश्न नोकरीत राहून बोलण्याचा आहे.

त्यासाठी आपली कागदपत्रे आधी पाहावीत. नियुक्तिपत्र आपल्याजवळ आहे का, त्यात नोटिशीची मुदत किती आहे आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का, पगार बँकेत जमा होतो तेवढाच कागदावर दाखवला जातो का, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात शाळेचा हिस्सा दर महिन्याला येतो का, हे तपासावे. मूळ प्रमाणपत्रे शाळेने ‘पडताळणीसाठी’ ठेवून घेतली असतील तर ती परत मागण्याचा अर्ज आजच द्यावा. कोणताही वाद नसताना दिलेला असा अर्ज सहज मंजूर होतो आणि वाद झाल्यावर दिलेला अडतो. ग्रॅच्युइटीबाबत पुष्कळ शिक्षकांना अजूनही वाटते की ती आपल्यासाठी नाही. २००९ च्या दुरुस्तीने ती शिक्षकांना ३ एप्रिल १९९७ पासून लागू झाली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. इतकी वर्षे एका संस्थेत घालवलेल्या शिक्षिकेने रागाच्या भरात राजीनामा लिहू नये, आणि ‘बॅकडेटमध्ये सही करून द्या, पुढे पाहू’ असे कोणी म्हटले तर त्या कागदाला हातही लावू नये.

लैंगिक छळाची बाब असेल तर मात्र मार्ग स्पष्ट आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. आपल्या प्रश्नात तसे काही नाही, पण हा धागा वाचणाऱ्या एखादीला उपयोग व्हावा म्हणून लिहिले.

देपालपूरकर

मी देपालपूर तहसिलीतील एका शासकीय शाळेत अतिथी शिक्षक (म्हणजे सत्रापुरता मानधनावर नेमलेला) आहे, वर्ग दोन या श्रेणीचा. रामबागकर काकांनी लिहिलेले आदराने वाचले, पण एका ठिकाणी माझे मत वेगळे आहे आणि ते मांडल्याशिवाय राहवत नाही.

काका म्हणतात की विभागातल्या दोघी-तिघींनी टिपणी द्यावी. त्या दोघी-तिघींत एखादी प्रोबेशनवर असेल तर? आमच्याकडे कायम शिक्षक, अतिथी शिक्षक असे सरळ भाग पडलेले आहेत आणि कोण किती बोलेल हे त्यावरून ठरते. २०२३ मध्ये आमचे मानधन दुप्पट झाले, वर्ग दोनला ७,००० चे १४,००० रुपये झाले, त्याचे समाधान आहेच. पण नेमणूक सत्रापुरतीच असते, आणि सत्र संपत आले की पुढच्या वर्षी आपले नाव असेल का या एकाच विचारात आम्ही असतो. फेब्रुवारीत मला कोणी विचारले की शाळेत काही अडचण आहे का, तर माझे उत्तर ‘काही नाही सर’ हेच असणार, मग छत गळत असले तरी.

त्याच शाळेतले कायम शिक्षक बीएलओच्या (मतदार यादीसाठी नेमलेल्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या) कामावर घरोघर फिरत असतात, तेव्हा त्यांचे वर्ग आमच्याकडे येतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक कामांना शिक्षक लावू नयेत असे आहे. मतदार यादीच्या कामाबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले आहे की शिक्षकांना ते सुटीच्या दिवशी किंवा अध्यापन नसलेल्या वेळात द्यावे. हे मला माहीत आहे, माझ्या मुख्याध्यापकांनाही माहीत आहे. माहीत असून बोलायचे कोणी, हाच सगळा घोळ आहे. आणि माझे म्हणणे असे की ज्याची नोकरी पक्की आहे त्याने बोलावे, ज्याची नाही त्याला सही मागू नये. मालवकन्या ताई, आपण तिथे जुन्या आहात. त्या नव्या शिक्षिकेने जे सांगितले ते खरे होते हे आपल्याला त्या दिवशीही ठाऊक होते. तिच्यानंतर लगेच एखाद्या ज्येष्ठ मॅडमने ‘हो, ही अडचण आम्हालाही येते’ एवढे एक वाक्य म्हटले असते तर तिची क्लास टीचरशिप बदलणे इतके सोपे गेले नसते. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. मी त्या नव्या शिक्षिकेच्या जागी रोज असतो, म्हणून लिहितो.

रामबागकर

देपालपूरकर, आपले म्हणणे मला मान्य आहे. प्रोबेशनवरील व्यक्तीची सही घेऊ नये. टिपणी ताईंनी एकट्यांच्या नावाने दिली तरी चालेल.

समुपदेशक, तिलक नगर

मी शाळांमध्ये समुपदेशनाचे काम करते आणि विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या वेळेत अनेकदा शिक्षिकाच येऊन बसतात, म्हणून या विषयाबद्दल मला आस्था आहे.

न बोलण्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत. एक भीती, म्हणजे बोलले तर आपले नुकसान होईल. दुसरी निराशा, म्हणजे बोलले तरी काही बदलणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या शिक्षिका भीतीबद्दल पुष्कळ सांगतात, पण थोडे खोलात गेले की पहिल्या दोन-तीन वर्षांत त्या बोललेल्या असतात, काहीच झालेले नसते, आणि मग त्यांनी बोलणे सोडलेले असते. आपल्या बाबतीत यातले काय जास्त आहे, हे मालवकन्या ताईंनी स्वतःशी तपासून पाहावे. भीती असेल तर कोणाला सांगायचे, कसे सांगायचे आणि सोबत कोण, याचा विचार करावा लागतो. निराशा असेल तर सुरुवात अशा लहान मागणीपासून करावी जी प्राचार्यांच्या स्वतःच्या अधिकारात आहे आणि जिला पैसा लागत नाही. प्राचार्यही अनेकदा वरून आलेल्या गोष्टी खाली पोहोचवत असतात. ज्या गोष्टीला त्या ‘हो’ म्हणूच शकत नाहीत ती आधी मागितली तर पुन्हा ‘नाही’ येते आणि निराशा पक्की होते.

अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषध देण्यातील चुकांचा अभ्यास केला होता. चांगल्या चालणाऱ्या गटांत चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता, पण नोंदींत त्या गटांतल्या चुका जास्त आढळल्या. कारण शोधता असे दिसले की त्या गटांत चूक सांगण्याची भीती नव्हती, म्हणून ती नोंदली जात होती. ज्या शाळेत ‘आमच्याकडे कसलीही तक्रार नाही’ असे अभिमानाने सांगितले जाते त्या शाळेबद्दल मला म्हणूनच काळजी वाटते.

ताणाबद्दल थोडे. संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडले होते की कामाचे ओझे जास्त आणि त्यावरचा आपला ताबा कमी, या दोहोंच्या एकत्र येण्याने माणूस सर्वाधिक खचतो. अरेंजमेंटच्या रजिस्टरवर ते नेमके लागू पडते. चाळीस मिनिटांचा एक जादा तास तितका थकवत नाही, जितके आजचा कोणता तास आपला राहील हे सकाळी ठाऊक नसणे थकवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर न हाताळल्या गेलेल्या दीर्घकालीन कामाच्या ताणातून येणारी व्यावसायिक अवस्था म्हणून केली आहे. तिची तीन लक्षणे सांगितली जातात : शक्ती संपून जाणे, कामापासून मन दुरावणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. शिक्षकांच्या बाबतीत मी दुसऱ्या लक्षणाकडे विशेष लक्ष देते. प्रश्न विचारणारे मूल नकोसे वाटू लागणे, हुशार मुलाची चूक सापडली की आत कुठेतरी बरे वाटणे, ही चिन्हे दिसली तर थांबून मदत घ्यावी. ताई लिहितात की शिकवण्याचा कंटाळा आलेला नाही. याचा अर्थ अजून वेळ हातात आहे.

घसा सतत बसणे, रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येणे, रात्री दोन-अडीचला जाग येऊन शाळेची कामे आठवणे, हे आठवडेच्या आठवडे चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना दाखवावे. टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे आणि तेथे बोलण्यासाठी फार मोठे संकट असावे लागत नाही.

घरच्यांविषयी एक सांगते. सासऱ्यांपर्यंत गोष्ट दुसऱ्याकडून पोहोचण्याआधी आपणच त्यांना प्रयोगशाळेचा प्रसंग सांगावा. ‘संस्थेशी वाद’ असे ऐकले की वडीलधारी माणसे संबंधांचा विचार करतात. बेसिनमध्ये खोकी भरलेली होती आणि मुलांच्या हाती आम्ल होते, हे ऐकले तर कोणतेही आजोबा नातवंडांचा विचार करतील.

मालवकन्या (इंदूर)

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. देपालपूरकर दादांचे म्हणणे मी दोनदा वाचले. त्या शिक्षिकेशी मी सोमवारी बोलणार आहे आणि परीक्षेच्या आठवड्याचा मुद्दा पुढच्या मीटिंगमध्ये माझ्या नावाने मांडणार आहे. मीटिंगचे विषय आधी मिळावेत ही विनंती मी आजच ग्रुपवर लिहिली. दोन जणींनी अंगठ्याची खूण केली आहे, प्राचार्यांचे उत्तर अद्याप नाही.

सासऱ्यांना काल रात्री प्रयोगशाळेचे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग ‘लिहून दे, तोंडी नको’ एवढेच म्हणाले.

टिपणी लिहायला बसले आहे, पण ती एकतर तक्रारीसारखी होते आहे किंवा इतकी मऊ की वाचणाऱ्याला काही करावेसेच वाटणार नाही. काका, मजकूर सुचवाल का?

रामबागकर

असे लिहावे : ‘मा. प्राचार्या महोदया, अमुक तारखेस सातवीच्या अमुक तुकडीचा आम्ल व अल्क यांचा प्रयोग घेताना ४६ विद्यार्थी उपस्थित होते. प्रयोगशाळा सहायक कार्यालयीन कामावर असल्याने उपस्थित नव्हते. हात धुण्याचे बेसिन खोक्यांमुळे वापरता येत नव्हते. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी रासायनिक प्रयोगाच्या तासांना सहायक उपस्थित राहतील, तुकडीचे दोन गट करून प्रयोग घेता येतील आणि बेसिन मोकळे राहील, अशी व्यवस्था व्हावी ही विनंती. तोपर्यंत हे प्रयोग मी टेबलावर स्वतः करून दाखवीन आणि अभ्यासक्रम मागे पडू देणार नाही.’

शाळेत हिंदी किंवा इंग्रजी चालते, तेव्हा त्यात लिहावे, पण वाक्ये एवढीच ठेवावीत. कोणी सहायकाला काउंटरवर बसवले हे लिहू नये, ते प्राचार्यांना ठाऊक आहे. शेवटचे वाक्य गाळू नये. व्यवस्था होईपर्यंत आपण काय करणार आहोत हे त्यात आहे, आणि ते आपल्या हातात आहे.

अभिभाषक (स्नेहलतागंज)

मजकूर योग्य आहे. दोन प्रती काढाव्यात, एका प्रतीवर कार्यालयाची आवक नोंद आणि तारीख घ्यावी. शिक्का देण्यास टाळाटाळ झाली तर वाद न घालता तोच मजकूर त्याच दिवशी शाळेच्या अधिकृत ई-मेलवर पाठवावा. ग्रुपवर टाकू नये.